गाळप परवान्यात बाईचं नाव येऊ द्या

मा. साखर आयुक्त,
महाराष्ट्र राज्य,
साखर संकुल, शिवाजीनगर, पुणे.



बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचा विषय निघाला की सगळ्यांच्या माना दवाखान्याकडे वळतात. आरोग्यमंत्री सभागृहात उत्तर देतात, जिल्हा शल्यचिकित्सक अहवाल पाठवतात, महिला आयोग दखल घेतो. तरीही हे पत्र मी आरोग्य खात्याला न लिहिता आपल्याला लिहिते आहे. पिशवी निघते ऑपरेशनच्या टेबलावर, पण त्या टेबलापर्यंतची वाट उसाच्या फडातून जाते. आणि फड केव्हा सुरू व्हायचा, कोणत्या कारखान्याचा व्हायचा, कोणत्या अटींवर व्हायचा, हे ज्या कागदावर ठरतं त्यावर आपली सही असते. तो कागद म्हणजे गाळप परवाना.

या सहीची ताकद महाराष्ट्राने पाहिली आहे. ऊस नियंत्रण आदेश 1966 चा आहे. त्याप्रमाणे शेतकऱ्याच्या उसाचे पैसे 14 दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर 15 टक्के व्याज लागतं. पण कागदावरच्या या हक्कात जीव आला तो शेतकरी संघटना रस्त्यावर उतरल्या आणि आपल्या कार्यालयाने एफआरपी, म्हणजे उसाची रास्त व किफायतशीर किंमत, थकवणाऱ्यांचे परवाने अडवायला सुरुवात केली तेव्हा. साखरेचे साठे जप्त करण्याचे आदेश निघाले, थकबाकीदार कारखान्यांच्या याद्या दर पंधरवड्याला जाहीर होऊ लागल्या. भले भले अध्यक्ष, आमदार-खासदार असलेले, साखर संकुलाच्या पायऱ्या चढले. परवाना अडला की कारखान्याचं सगळंच अडतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्या सहीने ऊस पिकवणाऱ्याला न्याय मिळाला, त्याच सहीने तो तोडणाऱ्या बाईलाही मिळावा.

आपल्याला फडाची रीत माहीत आहेच. तरी एकदा तिच्या बाजूने ती मांडते. दसरा झाला की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली गावं, केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, रिकामी व्हायला लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, शेळी, कोंबड्या, लेकरं चढतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पलीकडे कर्नाटक. त्याआधीच, पावसाळ्यात, मजूर जमवणाऱ्या मुकादमाने उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिलेली असते. ती दिली जाते एका कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. व्यवहार पुरुषाशी होतो, अंगठा किंवा सही त्याची, पैसे त्याच्या हातात. बाई त्या व्यवहारात अर्धी आहे, पण कागदावर ती कुठेच नाही. उचल लग्नाला जाते, आजारपणाला जाते, मागच्या उचलीच्या फेडीला जाते, आणि ती फेडायला मात्र दोघांनी पाच महिने राबायचं असतं.

पहाटे तीन-चारला ती उठते. कोपीसमोर तीन दगडांची चूल, दिवसभराच्या भाकरी, लेकरांचं आवरणं, मग अंधारातच फड. ऊस तोडायचा, वाढं छाटायचं, पाचट काढायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन वाहनापर्यंत न्यायची आणि फळीवरून वर चढून टाकायची. एक मोळी तीस-चाळीस किलोंची. गाडी रात्री उशिरा आली तर रात्री भरायची, कारण गाडी थांबत नाही. नवऱ्याचा दिवस कोयता खाली ठेवला की संपतो. तिचा पाण्याच्या कळशीने पुन्हा सुरू होतो. कोपी म्हणजे बांबूच्या कांबी आणि वरून प्लास्टिक. न्हाणीला चार काठ्यांना साडी गुंडाळून आडोसा. शौचाला उसाचं रान, तेही तोडून तोडून रोज मागे सरकणारं. पाणी शेतातल्या विहिरीचं नाहीतर कॅनॉलचं. पाळीच्या दिवसांत कापड धुवायला पाणी नाही, वाळवायला जागा नाही, बदलायला आडोसा नाही. दिवसभर लघवी दाबून धरायची, म्हणून पाणीच कमी प्यायचं. असं एक वर्ष नाही, लग्न झाल्यापासून दर वर्षी.

यातून जे व्हायचं ते होतं. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, कंबर धरते, पाळीत रक्त फार जातं. यातल्या कितीतरी तक्रारी वेळेवर तपासणी झाली, औषधाचा पूर्ण डोस मिळाला, चार दिवस विश्रांती मिळाली तर बऱ्या होणाऱ्या आहेत. पण फडात विश्रांतीला नाव आहे खाडा. जोडीतला एक जण जरी बसला तरी खाड्याचा दंड लागतो, कुठे दिवसाला पाचशे रुपये, कुठे त्याहून जास्त. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, टनाला 366 रुपये झाला. जोडीने दिवसात दोन टन तोडले असं धरलं तरी दोघांचे मिळून सातशे बत्तीस. पाळीचे चार दिवस बसायचं ठरवलं तर पाचशेच्या हिशेबाने महिन्याला दोन हजार, पाच महिन्यांच्या हंगामाला दहा हजार, आणि बुडालेली मजुरी वेगळी. उचल फिटली नाही तर राहिलेला आकडा पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसतो.

अशा बाईसमोर उन्हाळ्यात गावी परतल्यावर एक डॉक्टर सोनोग्राफीचा कागद धरतो. पिशवीला सूज आहे म्हणतो, गाठ आहे म्हणतो, काढली नाही तर पुढे कॅन्सर होईल म्हणतो. तिला दोन-तीन लेकरं झालेली असतात, नसबंदीही झालेली असते. ती विचार करते, आता पिशवी ठेवून करायचं काय? ती गेली की पाळी गेली, पाळी गेली की खाडा गेला, रोजचं दुखणंही गेलं. ऑपरेशनचे पैसे व्याजाने घ्यायचे किंवा मुकादमाकडूनच उचलीत धरायचे. शिकलेली माणसं तिला अडाणी म्हणतात तेव्हा माझा संताप होतो. तिने बेरीज-वजाबाकी बरोबर केलेली असते. तिच्यासमोर आकडेच असे ठेवलेले असतात की उत्तर पिशवी काढण्याचंच यावं.

पुढचं कोणी तिला सांगत नाही. गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली गेली असतील तर तिशीतली बाई एका दिवसात पाळी गेलेल्या वयात जाऊन पोचते. अंगाची आग होते, झोप उडते, हाडं ठिसूळ होत जातात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशयं राहिली तरी पाळी जाण्याचे बदल लवकर सुरू होऊ शकतात. आणि अंग पुरतं सावरायच्या आत दसरा येतो. पुन्हा तीच मोळी, तीच फळी. ज्या कंबरेसाठी ऑपरेशन केलं ती कंबर दुखायची थांबत नाही, कारण दुखणं पिशवीत नव्हतंच.

2019 साली हे सारं वर्तमानपत्रांतून बाहेर आलं. विधान परिषदेत सरकारने सांगितलं, की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत गर्भाशय काढण्याच्या 4,605 शस्त्रक्रिया झाल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. सहापैकी एक. देशभरात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. वयोगटाचा फरक धरला तरी ही दरी भरून निघत नाही.

त्यानंतर नियम झाला, की खासगी दवाखान्याने असं ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी. चांगला नियम आहे, त्याने काही डॉक्टरांना जरब बसली असेल. पण या नियमाने बंद होतो तो टेबलापाशी जाणारा शेवटचा दरवाजा. खाडा आहे तिथेच आहे. पाणी नाही, आडोसा नाही, मोळीचं वजन तेच. परवानगी नाकारली गेलेली बाई दुखणं घेऊन पुन्हा फडात उभी राहते. आरोग्य खात्याला फडात हुकूम चालवता येत नाही. आपल्याला येतो.

आता गरोदरपणाबद्दल. सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत मोळ्या वाहणाऱ्या बायका फडात आहेत, हे कोणत्याही शेतकी अधिकाऱ्याला विचारा. कोपीत बाळंतपणं होतात, आणि बाळंतीण काही दिवसांत पाचट काढायला बसते. तिला दिवस गेलेले असताना गाव सुटतं, त्याबरोबर आशाताई सुटते, अंगणवाडी सुटते, लोहाच्या गोळ्या सुटतात. ज्या गावाच्या शिवारात ती उतरते तिथल्या यादीत तिचं नाव नसतं. शासनाने स्थलांतरितांच्या नोंदीची व्यवस्था केली आहे, काही ठिकाणी आरोग्यसेविका कोप्यांपर्यंत पोचतात, हेही खरं आहे. पण टोळी दर पंधरा-वीस दिवसांनी तळ हलवते, आणि ती कुठे हलली हे नक्की ठाऊक असतं ते कारखान्याच्या गटकार्यालयाला. तोडणीचा प्रोग्राम तिथेच लागतो. ती माहिती प्राथमिक आरोग्य केंद्राला रोज देणं अवघड आहे का? एका संदेशाचं काम आहे. सांगणारं कोणी नाही म्हणून होत नाही.

मातामृत्यू कमी ठेवण्यात महाराष्ट्र देशात पुढे आहे. 2018-20 च्या नमुना नोंदणी पाहणीत केरळच्या खालोखाल आपला क्रमांक होता, लाख जिवंत जन्मांमागे 33. अभिमान वाटावा असाच आकडा आहे. जगात 2023 साली सुमारे 2 लाख 60 हजार स्त्रिया गरोदरपणात किंवा बाळंतपणात गेल्या, त्या पार्श्वभूमीवर तर नक्कीच. पण जी मेली नाही ती कशी जगते आहे, हे हा आकडा सांगत नाही. बाळंतपणातून वाचलेली आणि पस्तिशीत म्हातारी झालेली बाई या आकड्याच्या हिशेबात यशाच्या बाजूला मोजली जाते.

कायदा काय म्हणतो? याच राज्याच्या भूमीवर, तेव्हाच्या मुंबई विधिमंडळात, 28 जुलै 1928 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे, आणि बायकांना कामाला ठेवून ज्या मालकाला फायदा होतो त्यालाही त्यातून सुटता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. 1929 मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. 1961 साली देशाचा झाला. कामाचे 80 दिवस भरले की हक्क लागू. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे तिच्याकडून काम घ्यायचंच नाही. 2017 च्या दुरुस्तीने पगारी रजा 26 आठवड्यांची झाली.

ही तरतूद कारखान्याला लागू, खाणीला लागू, मळ्याला लागू. मळा म्हणजे चहा, कॉफी, रबर, वेलदोडा. त्या यादीत ऊस नाही. म्हणजे साखर कारखान्याच्या कार्यालयात बसून उसाच्या वजनाच्या नोंदी करणारी बाई 26 आठवडे पगारी रजेवर जाऊ शकते, आणि तोच ऊस तोडून, डोक्यावर वाहून वजनकाट्यापर्यंत पाठवणारी बाई बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी खाड्याच्या हिशेबात येते. दोघींच्या श्रमातून एकच साखर निघते. ऐंशी दिवसांची अट म्हणाल तर ती फडातली बाई एका हंगामात भरून काढू शकते.

लेकरांचं सांगायला गेलं तर स्वतंत्र पत्र होईल. तान्ही बाळं फडाच्या कडेला झोळीत, त्यांच्यावर लक्ष ठेवायला सात-आठ वर्षांची बहीण, तिची शाळा बुडालेली. ‘जनार्थ’सारख्या संस्थेने साखरशाळा चालवून दाखवल्या, म्हणजे फडाजवळ शाळा होऊ शकते हे सिद्ध झालेलं आहे. पुढे गावातच हंगामी वसतिगृहं आली, संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृह योजना आली. ती चालली पाहिजेतच. पण सहा वर्षांखालचं मूल वसतिगृहात राहत नाही, ते आईबरोबरच जाणार. याच राज्याने रोजगार हमीचा विचार देशाला दिला. केंद्राच्या 2005 च्या रोजगार हमी कायद्यात लिहिलं गेलं, की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई मजुरी देऊन नेमायची. नाल्याच्या कामावर हे होतं. दहा-बारा कोयत्यांच्या टोळीत पाचाहून जास्त लेकरं असतात. तिथे का होत नाही?

मुलगी मोठी झाली की वेगळाच घोर. तिला गावात म्हाताऱ्या आजीजवळ ठेवायचं तर भीती, कोपीत न्यायचं तर त्याहून भीती. मुकादमाची नजर, शेतमालकाची नजर, उघड्यावरची अंघोळ. शिवाय लग्न झालं की तिची जोडी होते, जोडीला उचल मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या तरुणींपैकी 43.7 टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. राज्याची सरासरी 21.9 टक्के. याच जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली उरल्या होत्या. बालविवाह रोखायला ग्रामसेवक धावतो, अंगणवाडीताई पोलिसांना फोन करते, तिला गावाच्या शिव्या बसतात. आणि तिकडे उचलीची पद्धत, जी लग्नाची घाई करायला लावते, तिला कोणी हात लावत नाही.

कारखान्यांचं उत्तर मला पाठ आहे. ही माणसं आमची नाहीत, मुकादमाची आहेत, आमचा करार वाहतूकदाराशी. कागदावर ते बरोबर असेल. पण तोडीची चिठ्ठी कोण काढतं? कोणत्या दिवशी कोणाचा ऊस तुटणार हे कोण ठरवतं? चिठ्ठी देणारा चिटबॉय कोणाचा, वजनकाटा कोणाचा, उचलीसाठीचा पैसा मुळात कोणाकडून वाहतूकदाराकडे आणि त्याच्याकडून मुकादमाकडे येतो? काम कधी, कुठे, किती आणि कोणत्या दराने, ही चारही उत्तरं कारखान्याकडे असताना मजूर मात्र तिसऱ्याचा, हे पटत नाही. दर ठरवण्याच्या वाटाघाटीलाही कारखान्यांचा साखर संघच बसतो, आणि जानेवारी 2024 मध्ये मजुरीबरोबर मुकादमाचं कमिशनही एका टक्क्याने वाढलं ते त्याच बैठकीतून. ज्याच्याशी दर ठरवता, त्याच्या पाण्याची आणि बाळंतपणाचीही जबाबदारी घ्या.

मुकादमाबद्दल दोन शब्द. तोही बहुतेक वेळा त्याच गावचा, त्याच जातभाईंतला, स्वतः कर्जात बुडालेला असतो. मजूर पळाले म्हणून देशोधडीला लागलेले मुकादम आहेत. त्याला खलनायक करून कारखान्यांनी हात धुवावेत, हे मला मान्य नाही.

आणि ही गोष्ट आता महाराष्ट्रात राहिलेली नाही. मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी बीडच्या या बायकांवर मोठा शोधवृत्तान्त छापला. कोका-कोला आणि पेप्सी यांच्या बाटल्यांत जाणाऱ्या साखरेपर्यंत त्यांनी हा धागा नेला. साखर विकत घेणारे उद्या विचारणार आहेत, की ऊस कोणी आणि कसा तोडला. त्यांनी दटावल्यावर करण्यापेक्षा आपल्या लाजेने केलेलं बरं.

दुसऱ्या देशांत काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. मध्य अमेरिकेत निकाराग्वामधल्या चिचिगाल्पा भागात ऊस तोडणारे तरुण मूत्रपिंडं निकामी होऊन मरत होते. भर उन्हात, पाण्याविना, टनाच्या दराने छाती फुटेस्तोवर काम, हे मोठं कारण निघालं. ला आयला नेटवर्क या संस्थेने तिथल्या सान अंतोनियो साखर कारखान्याबरोबर काम करून ठरलेल्या वेळी सक्तीची विश्रांती, सावलीचे तंबू आणि पुरेसं पाणी सुरू केलं. विश्रांती वाढली तशी मूत्रपिंडाची इजा कमी झाली. तिथले मजूर बहुतेक पुरुष आहेत, आजार वेगळा आहे. पण विश्रांती ही कामाच्या रचनेत बसवता येते, ती कारखान्यानेच बसवायची असते, आणि ती बसवल्याने कारखाना बंद पडत नाही, एवढं तरी त्यातून कळतं.

काही जण मला म्हणतील, हार्वेस्टर येताहेत, अनुदानं मिळताहेत, थोड्या वर्षांत हा प्रश्नच उरणार नाही. यंत्र येऊ द्या, मोळी डोक्यावरून उतरलेली मलाही हवी आहे. पण लहान, तुकड्यातुकड्यांच्या शेतांत यंत्र अजून सगळीकडे फिरत नाही. आणि तोपर्यंत फडात उभ्या असलेल्या बाईला, उद्या यंत्र येणार आहे म्हणून आज पाणी नाही, असं कसं सांगायचं?

मग आपण काय करावं? सगळ्यांत आधी नाव. परवान्याच्या अर्जाबरोबर प्रत्येक कारखान्याने त्याच्या हंगामातल्या तोडणी मजुरांची यादी द्यावी, आणि त्यात जोडी एक न धरता बाईची स्वतंत्र नोंद असावी. नाव, वय, गाव, ओळखपत्र, बँकेचं खातं. जोडीच्या मजुरीतला अर्धा वाटा थेट तिच्या खात्यात जावा. माझ्या मते बाकी सगळं यातून पुढे येईल. ज्या दिवशी कारखान्याच्या पुस्तकात तिच्या नावावर टन चढतील त्या दिवशी ती मजूर ठरेल, तिचे ऐंशी दिवस मोजता येतील, तिच्या अपघाताचा विमा तिच्या घरी पोचेल, आणि तिच्या संमतीशिवाय तिच्या श्रमावर उचल घेणं अवघड होईल. नवरे कुरकुर करतील. त्यांना समजावायला मकाम, म्हणजे महिला किसान अधिकार मंच, यासारख्या संघटना आहेत, बीडमध्ये वर्षानुवर्षं या बायकांबरोबर उभ्या राहिलेल्या मनीषा टोकले यांच्यासारख्या कार्यकर्त्या आहेत. त्यांना संकुलात बोलावून विचारा, यादी कशी करावी म्हणून. आपल्या कोणत्याही सल्लागारापेक्षा त्या हे चांगलं सांगतील.

दुसरं, पाळी, गरोदरपण, बाळंतपण आणि तापाच्या दिवसांचा खाडा लावणाऱ्या मुकादमाशी कारखान्याला करार करता येणार नाही, अशी अट परवान्यात घाला. गरोदर बाईकडून सहाव्या महिन्यानंतर मोळी वाहून घ्यायची नाही. जोडीचं काम कमी पडेल तेवढी भरपाई निधीतून द्यायची. निधी कुठून आणायचा हा प्रश्न आपल्याला पडू नये, कारण वाट आधीच पडलेली आहे. परवान्याच्या वेळी टनामागे मुख्यमंत्री सहायता निधी घेतला जातो. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे 10 रुपये ठरलेले आहेत आणि राज्याने तेवढीच भर घालायची आहे. राज्यात हंगामाला हजार लाख टनांच्या आसपास गाळप होतं. हजार लाख टनांचे दहा रुपयांप्रमाणे शंभर कोटी होतात. त्यातला बाळंतपणासाठीचा हिस्सा ठरवून द्या आणि तो हमालांच्या माथाडी मंडळासारखा मजुराच्या हातात पोचेल अशी रीत बसवा. 1969 च्या माथाडी कायद्याने ज्याचा कायम मालक नाही अशा हमालालाही रजा, विमा आणि भविष्यनिधी मिळू शकतो हे या राज्याने करून दाखवलं आहे.

तळावर पाण्याचा टँकर, फिरती शौचालयं, न्हाणीला खरोखरचा आडोसा, लेकरांसाठी एक सांभाळणारी बाई आणि एक शेड, हे तर कारखान्याने लाज वाटून केव्हाच करायला हवं होतं. ट्रॅक्टरच्या मागे शौचालय जोडून नेता येतं. जो कारखाना रोज हजारो टन ऊस पन्नास-पन्नास किलोमीटरवरून वेळेत गव्हाणीत आणतो, त्याला ते जमत नाही असं कोणी म्हणू नये. पन्नास वर्षांपासून ज्यांच्या साखरेवर या राज्यात शाळा, इंजिनिअरिंग कॉलेजं, दवाखाने आणि मंत्रिपदं उभी राहिली, त्यांना ते जमतं.

दर वर्षी मंत्री समितीच्या बैठकीत हंगामाची तारीख ठरते. त्या बैठकीपुढचं टिपण आपल्या कार्यालयातून जातं. या वेळच्या टिपणात तोडणी करणाऱ्या स्त्रियांचा विषय स्वतंत्र क्रमांकाने घालावा, आणि परवान्याच्या अर्जाच्या नमुन्यात त्यांचे रकाने वाढवावेत, ही माझी विनंती आहे. कारखान्याकडे किती स्त्रिया तोडणीला आहेत, त्यांतल्या किती जणींच्या खात्यात मजुरी जमा होते, किती गरोदर आहेत, किती बाळंतिणींना भरपाई मिळाली, किती तळांवर पाणी आणि शौचालय आहे. एफआरपीचा तक्ता जसा दर पंधरवड्याला जाहीर होतो तसा हाही व्हावा, कारखान्याच्या नावासह. आणि ज्याचे रकाने कोरे असतील, त्याचा परवाना एफआरपी थकवणाऱ्यासारखाच थांबवावा.

आपली,
बीड जिल्ह्यातली एक नागरिक